ताटावरून माणूस ओळखणाऱ्या मॅडम

मॅडमना माणसाचं नाव कधी लक्षात राहिलं नाही. ते माणूस काय खातं ते मात्र त्या विसरत नसत. दारातून कुणी आत आलं की चष्मा नाकावर खाली ओढायच्या आणि म्हणायच्या, "या, चहा-खारी! आज उशीर केलात." बायका आधी चिडायच्या, मग हसायच्या. हिंजवडीच्या कंपनीतली एक मुलगी यायची, तिला त्या 'ओट्स' म्हणत. वसतिगृहात राहणारी एक कॉलेजातली होती, ती 'वडापाव'. मलाही त्यांनी एक नाव दिलं होतं. ते आठवलं की माझे कान अजून गरम होतात.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. बोलायला मला लहानपणापासून जमत नाही. समोर चार माणसं बसली की जीभ टाळूला चिकटते. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून बरं वाटतं. दुपारी साड्यांचं काम आवरलं की थोडा वेळ माझा असतो.

आम्ही मूळचे वाशीमकडचे. नवऱ्याला इथल्या एका वर्कशॉपमध्ये काम लागलं म्हणून कात्रजला दोन खोल्या घेतल्या. घरात नवरा, दीर, सासूबाई आणि मी. कसबा पेठेतल्या एका दुकानाच्या साड्या मी घरी आणते आणि फॉल लावून परत देते. लग्नाला काही वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मुलाचं राहू द्या, पाळीच येत नव्हती. दोन-दोन, तीन-तीन महिने काही नाही. अंग फुगत चाललं होतं आणि हनुवटीवर केस यायला लागले होते. ते झाकायला मी पदर तोंडावर धरून बोलायची. तशीही मी बोलत कमीच होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि नाव सांगितलं, पीसीओएस. काही जण पीसीओडीही म्हणतात. त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस, खूप जणींना असतं. शरीरातली रसायनं मागंपुढं होतात, बीज तयार होत नाही, म्हणून पाळी लांबते. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. खाणं सुधारायला हवं. एखाद्या आहारतज्ज्ञांना भेट."

मला दुसरं काही नको होतं. पाळी आपली आपण यावी, एवढंच हवं होतं.

आहारतज्ज्ञ म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या एका दवाखान्यात गेले. काचेचं दार होतं, आत थंडगार. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "अपॉइंटमेंट आहे? डाएट प्लॅन हवाय की पॅकेज?" मला दोन्ही शब्द कळले नाहीत असं नाही. पण बाजूला रांगेत बसलेल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "नाही, मी सासूबाईंना सोडायला आले होते." आणि बाहेर पडले. सासूबाई त्या वेळी कात्रजला घरी लसूण सोलत होत्या.

साड्यांच्या दुकानातल्या वहिनींना माझा चेहरा वाचता येतो. त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि मग म्हणाल्या, "अगं, मग आमच्या मागच्या गल्लीतच आहेत की एक मॅडम. मोठ्या हॉस्पिटलातून रिटायर झाल्या. आता धर्मादाय दवाखान्यात बसतात. तोंडाच्या फटकळ आहेत. पण जा. रडवतील, उपाशी नाही ठेवणार."

मॅडमची खोली तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीत होती. दिवसभर बाहेर ठणठण चालायची. त्यामुळे मॅडमना ओरडून बोलायची सवय लागली होती, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांनाही. बाहेर बाकावर बसल्या बसल्या मला आतल्या बाईचं सगळं पोट कळलं. उठून पळावं असं वाटत होतं, तेवढ्यात माझी पाळी आली. म्हणजे नंबर आला.

आत वजनकाटा होता, पण त्यावर कोरफडीची कुंडी ठेवलेली. मी काट्याकडे बघतेय हे बघून मॅडम म्हणाल्या, "तिचं वाढतंय. तुमचं आपण नंतर बघू." सहावारी साडी, पायात पोरांसारखे खेळायचे बूट आणि टेबलाला टेकवलेली छत्री. ऊन असो, थंडी असो, छत्री बरोबरच. ती त्या कधी उघडत नसत. माणसं दाखवायला वापरत.

त्यांनी माझ्यापुढे एक रिकामं स्टीलचं ताट सरकवलं आणि बटणांचा डबा दिला. ही त्यांची पद्धत. पांढरी बटणं म्हणजे भात, पोळी, भाकरी, साबुदाणा. पिवळी म्हणजे डाळ, उसळ, अंडं, ताक. हिरवी म्हणजे भाजी. लाल म्हणजे साखर आणि तळलेलं. "काल दिवसभरात पोटात गेलं ते मांडा. खरं मांडा. मला फसवून तुमचंच पोट फसणार."

मी पांढरी बटणं मांडली. चहा-साखरेची लाल दोन-तीन ठेवली. डबा परत दिला.

"झालं?"

मी मान हलवली.

"हे ताट आहे की दवाखान्याची भिंत? भाजी खात नाही?"

"उरली तर."

"डाळ?"

"उरली तर."

"आणि पोळी?"

"जी उरेल ती."

"आणि काहीच उरलं नाही तर?"

"चहा घेते. शिळी पोळी बुडवून."

मॅडम ताटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, उरलंसुरलं. पुढचं सांगा." हेच ते नाव. मला इतकी लाज वाटली की पदर डोळ्यांपर्यंत गेला. मी सांगितलं की मी तशी फार खातच नाही, शिवाय सोमवार, शनिवार आणि चतुर्थीला उपवास असतो, तरी अंग वाढतं.

"उपवासाला काय?"

"साबुदाण्याची खिचडी. बटाटा. दाण्याचा लाडू."

"म्हणजे एरवी उपाशी राहायचं आणि उपवासाला जेवायचं. उपवास सोडू नका हो, देव रागवायचा. फक्त उपवासाच्या नावाखाली चरणं सोडा. भगर घ्या, ताक घ्या, काकडी घ्या. देवाला मी ओळखते, तो साबुदाणा मोजत बसत नाही."

मग त्यांनी बाहेरच्या ठणठणीवर आवाज चढवून विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

नेमक्या त्याच क्षणी बाहेर चहा आला असावा. सगळे हातोडे एकदम थांबले. त्या शांत गल्लीत 'पाळी' हा शब्द या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. बाकावरच्या बायका, बाहेरचे कारागीर, कोपऱ्यावरचा फुलवाला, सगळ्यांनी तो ऐकला असणार. मला जमिनीत जावंसं वाटलं.

मॅडमना त्याचं काहीच नव्हतं. बाहेर तोंड करून म्हणाल्या, "थांबलात का? ठोका! इथं बायका बोलतायत!" आणि हातोडे पुन्हा सुरू झाले.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तो पदर खाली घ्या. दात दुखतोय का?"

मी घेतला नाही. तेव्हा त्या टेबलावरून पुढे वाकल्या आणि आपली हनुवटी माझ्यापुढे आणली. तिच्यावर पाच-सहा पांढरे, राठ केस होते. त्यांतला एक चिमटीत धरून त्यांनी मिशीसारखा पिळला.

"मलाही आहे तेच. माझ्या वेळी त्याला नाव नव्हतं. 'हिचं अंग जड आहे' म्हणायचे आणि विषय बदलायचे. लाज कसली त्यात? ताप आला तर लाजता का? हा आजार मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो. मोकाट सोडला तर बसतो डोक्यावर."

मी पदर खाली घेतला. मॅडम विचार करायला लागल्या की तो एक केस पिळत, हे मला पुढे कळलं. त्यांनी लग्न केलं नाही की झालं नाही, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

त्यांची काही बोलणी ठरलेली होती. कुणी म्हणालं, "मॅडम, मी काहीच खात नाही हो, तरी वजन वाढतं," की त्या विचारायच्या, "म्हणजे पुण्याच्या हवेत तूप आहे?" कुणी मनानेच डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या की मात्र खरंच संतापायच्या. "गोळी डॉक्टरांची, पोळी माझी. एकमेकींच्या ताटात हात घालायचा नाही!" बिस्किटाला त्या 'मैद्याची वीट' म्हणायच्या. पर्समध्ये नेहमी एक काकडी असायची. बसमध्ये उभ्या उभ्या ती कराकरा खायच्या, आणि बाजूचा माणूस बघायला लागला की अर्धी मोडून त्याच्या हातात द्यायच्या. आणि दर रविवारी दोन जिलब्या. "मी रविवारी गोड खाते आणि सोमवारी त्याबद्दल रडत नाही. तुम्ही रोज खाता आणि रोज रडता. यात शहाणं कोण?"

महिन्यातून एखादा शनिवार त्या आम्हाला मंडईत घेऊन जायच्या. पुढे छत्री, मागे आम्ही पिशव्या घेऊन. मॅडम विकत घेण्याआधी भाजीवाल्यांनी काढून टाकलेल्या ढिगाकडे जायच्या. मुळ्याचा पाला, नवलकोलाची पानं, फ्लॉवरचा कोवळा पाला. तिथल्या एक मावशी त्यांना चांगल्या ओळखून होत्या.

"काय मॅडम, रोज पाला नेता. घरी गाय पाळलीय का?"

"एक नाही, पाच आहेत. ह्या काय मागे उभ्या."

मावशींनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अंगानं बऱ्या आहेत हो. दूध किती देतात?"

"दूध कुठलं! अजून चरायला शिकतायत."

वडापाव इतकी हसली की तिच्या हातातली मेथीची जुडी सुटली. ओट्सनं विचारलं, "मॅम, प्रोटीनसाठी मी शेक घेतला तर चालेल ना? माझं शेड्यूल खूप हेक्टिक आहे."

"घ्या ना. आणि घरातली मटकी काय हळदीकुंकवाला ठेवायची?"

मी मागे उभी राहून हसत होते. मला आठवतंय, रस्त्यात उभी राहून, पदर न घेता मी तेव्हा पहिल्यांदा हसले.

त्यांनी सांगितलं ते मी सगळं करत होते. गव्हाच्या पोळ्या कमी करून ज्वारीच्या भाकरी टाकायला लागले. तशा त्या आमच्या गावाकडच्याच, पुण्यात येऊन उगाच सुटल्या होत्या. मटकीला मोड आणायचे, पाल्याची भाजी करायचे, चहा अर्ध्यावर आणला. उन्हाळा सरला तरी पाळी काही आपणहून आली नाही. पुढच्या खेपेला मॅडमनी पुन्हा ताट आणि बटणं दिली. मी मांडली. ताट पुन्हा पांढरं.

मॅडमनी केस पिळायला घेतला. "भाजी करता ना?"

"करते."

"मग ती जाते कुठं?"

मी बटणं परत डब्यात भरायला लागले. त्यांनी वाट पाहिली. वाट बघणं हे त्यांचं काम नव्हतं, तरी पाहिली. शेवटी मी सांगितलं की नवरा आणि दीर आधी जेवतात, मग सासूबाई, मग मी. भाजी चांगली झाली की संपते. मोडाची उसळ तर दिराला फार आवडायला लागली होती. मॅडमच्या औषधानं घरात सगळ्यांची तब्येत सुधारत होती, माझी सोडून.

"पत्ता सांगा," मॅडम म्हणाल्या. "गुरुवारी जेवायला येते."

मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरीण घरी येऊन राह्यली? आपल्या? कायले?" मी म्हणाले, जेवायला. गुरुवारी त्यांनी मला कशालाच हात लावू दिला नाही. भाकरी, तुरीचं वरण, भरली वांगी, जवसाची चटणी, सगळं स्वतः केलं. सासूबाई वाईट नाहीत. घरी माणूस येणार म्हटलं की त्यांच्या अंगात दहा बायांचं बळ येतं.

मॅडम भर दुपारी आल्या. बूट दारात, छत्री कोपऱ्यात. नवरा आणि दीर दोघांनाही दुपारपाळीला जायचं होतं, ते ताटावर बसायच्या तयारीत. सासूबाईंनी मॅडमचं ताट मांडलं.

"बसा बाई. वाढते."

"वाढा. हिचं ताट कुठंय?"

"थे मांगून जेवते."

"का? भूक उशिरा लागते का तिला?"

"नाई वं बाई. आमच्यात सून मांगूनच जेवते."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मग मीही मागूनच." आणि भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

सासूबाईंना काय करावं कळेना. पाहुण्याआधी घरचे कसे जेवणार? ते त्यांच्या जन्मात घडलं नव्हतं. आणि पाहुणी तर माझ्याशिवाय बसायला तयार नाही. नवऱ्यानं घड्याळाकडे बघून म्हटलं, "आई, बस चुकेल."

"चूप. पावणी उपाशी बसली हाय आन् तू जेवशीन?"

दीर म्हणाला, "मग वहिनीला बसव ना. प्रॉब्लेम काय आहे?"

"तू तं बोलूच नको. उसळ सारी तूच खातं."

मॅडम डोळे मिटूनच म्हणाल्या, "माझी घाई नाही. मी काकडी खाऊन निघालेय."

भाकरी गार होत चालल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बसले तर सासूबाईंचा मान जातो, न बसले तर घर उपाशी. सासूबाईंनी शेवटचा उपाय काढला.

"तुम्ही काय हिच्या माहेरच्या लागता का?"

"तसंच समजा, विहीणबाई."

"मंग तं तुम्हाले इथं जेवताच येत नाई. नातवंड झाल्याबिगर लेकीच्या घरचं कोणी खात नसते."

नवऱ्यानं मान खाली घातली. हाच विषय होता, ज्याच्याभोवती आम्ही सगळे इतके दिवस पाय चुकवून चालत होतो, आणि त्यावर सासूबाईंचा पाय पडला होता. त्यांनाही ते कळलं. त्यांनी उगाच वरण ढवळलं.

मॅडमनी डोळे उघडले. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"हवंय ना नातवंड?"

"कोणाले नाई पाहिजे?"

"तुमचं वावर होतं ना गावाला? खत न घालता, पाणी न देता, नुसतं बांधावर उभं राहून पीक मागितलं होतंत कधी? आता ही काही वावर नाही, माणूस आहे. पण तुम्हाला वावर कळतं म्हणून सांगते. आधी तिला नीट जेवू द्या. मग तिचं शरीर काय ते ठरवेल. नातवंडाचं मी वचन देत नाही. पण उपाशी माणसाकडे काही मागू नये."

सासूबाईंनी वरणातली पळी काढून बाजूला ठेवली. मग त्यांनी रॅकवरून एक ताट ओढलं, मॅडमच्या शेजारी जोरात ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बस वं."

मी बसले. वाढत त्या होत्या. मॅडमनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्या मन लावून जेवत होत्या. जवसाची चटणी त्यांनी तीनदा मागून घेतली. "हे काय आहे हो, विहीणबाई? काय सुंदर झालीय! तिकडं मोठ्या दुकानात लोक हेच बी पाकिटात घालून विकतायत आणि तुमच्या घरी वाटीत पडलंय!" सासूबाईंचा चेहरा जरा सैल झाला.

"तुम्ही कधी बसणार?" मॅडमनी विचारलं.

"मी मांगून."

"म्हणजे आता हिची जागा तुम्ही घेतलीत."

सासूबाई हसल्या. पदर तोंडाला लावून, पण हसल्या. "थे जागा माझीच होती, बाई. माझ्या सासूनं मले देली, मी हिले देली. दुसरं काही द्याले नव्हतंच कोणाजोळ."

मॅडमनी ताटातली उरलेली चटणी बोटानं पुसून घेतली. हात धुऊन निघताना त्यांनी फक्त सांगितलं, "पुढच्या गुरुवारी येते. चटणी ठेवा."

त्या खरंच येत राहिल्या. सासूबाई आधी कुरकुरायच्या, "हे बाई काय आपल्याच घरी जेवाले जन्मली का?" पण गुरुवारी सकाळपासून दाराकडे बघायच्या. दोघींचं सगळ्यावरून वाजायचं. तेल किती घालायचं, वांग्याला गूळ हवा की नको, साखरेचा चहा बरा की गुळाचा. "दोन्ही सारखेच," मॅडम म्हणायच्या. "गूळ काय चुलत भाऊ आहे का तुमचा, एवढी बाजू घेताय?" आणि जेवण झालं की मॅडम छत्रीनं दार दाखवायच्या, "चला, तळ्यापर्यंत पाय मोकळे करून या. दोघीही." मी आणि सासूबाई चालायला जायचो. आधी गप्प, मग हळूहळू बोलत. तळ्याच्या काठावरच सासूबाईंनी मला सांगितलं की त्यांच्याही पाळ्या लांबायच्या. "कोणी इचारलं नाई. मी पण सांगतलं नाई. मले वाटे असंच असते."

काही गुरुवारांनंतर सासूबाई मॅडम यायच्या आधीच माझं ताट मांडायला लागल्या. म्हणायच्या, "नाईतर बसते भिताडाले टेकून. कोण थांबते तिच्यासाठी!" मग गुरुवारचं बुधवारीही व्हायला लागलं, आणि शुक्रवारीही. नवऱ्याला एकदा भाजी कमी पडली, तर तो चक्क उठून दही घेऊन आला. मॅडमनी माझं नाव बदलून 'जवस' केलं.

मॅडम आता पुण्यात नाहीत. गुडघ्यांनी जिने चढवेनात, म्हणून त्या सांगलीला भाच्याकडे गेल्या. जाताना कुणाचा निरोप घेतला नाही. निरोप घेणं म्हणजे तोंड गोड करणं, आणि तो दिवस रविवार नव्हता, असं वहिनी म्हणतात. ओट्स त्यांना फोन करते. भाच्याच्या घरी त्यांनी फ्रीजमधल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या बाहेर काढून ठेवल्या आहेत आणि भाच्याची बायको घाबरून असते, असं ऐकते. मला तिची काळजी वाटत नाही. ती नीट जेवत असेल.

माझं म्हणाल तर पाळी आता बहुतेक वेळेवर येते. कधी आठ-दहा दिवस लांबते. डॉक्टरीणबाई म्हणतात, चांगलं आहे, असंच चालू ठेव. मुलाचं अजून काही नाही. आता घरात त्याची चौकशी देवाकडे होते, माझ्याकडे नाही.

पण पहिल्यांदा ती आपली आपण आली, तो दिवस मला लिहून ठेवायचा आहे. गोळी न घेता, कुणी न बोलावता. मॅडम तेव्हा पुण्यातच होत्या. थंडीचे दिवस होते, मी सकाळी साडीला फॉल लावत बसले होते. कळलं तेव्हा मी सुई तशीच कापडात खोचून उठले आणि न्हाणीत जाऊन रडले. मग मॅडमना फोन केला. मी फोनवर बोलत नाही, त्या दिवशी बोलले.

"मॅडम, आली."

"कोण आली?"

"पाळी."

मग त्यांचा आवाज आला, पण माझ्यासाठी नव्हता. "अगं बायांनो, आपल्या जवसची पाळी आली!" आणि दवाखान्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी जिचं नावही ऐकलं नव्हतं अशी कुणी बाई माझ्या पाळीला टाळ्या वाजवत होती. मला लाज वाटली, पण पळावंसं वाटलं नाही.

आमच्याकडे पाळीत बाजूला बसतात. स्वयंपाकघरात जायचं नाही, कशाला शिवायचं नाही. दोन खोल्यांच्या घरात बाजूला म्हणजे काय, तर बाहेरच्या खोलीत खिडकीखाली चटई टाकायची. इतके महिने मला तिथं बसावंच लागलं नव्हतं. मी चटई काढून खिडकीखाली अंथरायला लागले, तेव्हा सासूबाईंनी पाहिलं. चटईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. आतून रवा भाजल्याचा वास यायला लागला.

दुपारी त्या ताट घेऊन आल्या. भाकरी, पालेभाजी, वरण, चटणी आणि बाजूला चमचाभर शिरा. रिवाजानं ताट लांबून सरकवायचं असतं. त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं, परत आत गेल्या आणि दुसरं ताट घेऊन आल्या. ते त्यांचं होतं. नवरा आणि दीर अजून जेवायचे होते. त्या चटईजवळ क्षणभर उभ्या राहिल्या, आणि मग एक हात भिंतीला धरून, गुडघ्यांवर जोर देत खाली वाकल्या.

"सरक जराशी," त्या म्हणाल्या.